तीन खोल्या, दोन माणसं

४ नोव्हेंबर, सोमवार

कॅनिस स्वतः आला. पाकीट पोस्टाने टाकलं असतं तर दोघांचीही सुटका झाली असती. दारातच उभा राहिला, टोपी हातात. चौदा वर्षांत हा घरमालक चार-पाच वेळा आला असेल, तेही बॉयलर बंद पडला म्हणून. मी चहा टाकला. त्याने पाकीट साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता बिस्किटं खात बसलो.

त्याची बायको उना आता त्याला ओळखत नाही. नाइटगाऊनवर रस्त्यावर जाते. तिला सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचं तर हे घर विकल्याशिवाय गत्यंतर नाही. "नॉरीन पोरी, दुसरं काही विकायला असतं तर तेच विकलं असतं," म्हणाला आणि रडायला लागला. मीच त्याची समजूत घातली. नोटीस घ्यायची आणि वर देणाऱ्याचे डोळे पुसायचे — असा शहाणपणा माझ्याच हातून व्हायचा.

१६ जूनपर्यंत मुदत आहे. सव्वासात महिने. चौदा वर्षांच्या भाडेकरूला कायदा एवढे देतो.

५ नोव्हेंबर

म्युरनला सांगितलं नाही अजून.

६ नोव्हेंबर

म्युरनने वाचलं. मी मूर्ख, पाकीट साखरेपाशीच राहिलं होतं. "जूनमध्ये माझी परीक्षा आहे," एवढंच म्हणाली आणि वर जाऊन दार लावून घेतलं. पंधरा वर्षांची पोर. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेची सकाळची मुलं चौकातला रस्ता ओलांडून पोचवली आणि तशीच बस पकडून काउन्सिलच्या कचेरीत गेले. पिवळा कोट अंगावरच होता. तो कोटही त्यांचाच, हातातली 'थांबा'ची काठीही त्यांचीच, भाड्याचा मोठा वाटा भरतात तोही तेच. म्हटलं, आता घरही तुम्हीच द्या!

गमतीत म्हटलं, पण खिडकीतली इमेल्डा हसली नाही. म्हणाली, तशी योजना आहे. सरकार काउन्सिलला पैसे देतं, काउन्सिल मालकाकडून घर विकत घेतं आणि आतला भाडेकरू जागचा हलतही नाही. कॅनिसला त्याची किंमत, आम्हाला आमचं छप्पर. भाडं फक्त काउन्सिलला द्यायचं. मी दोनदा विचारलं, खरंच का? खरंच. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचं भलं होवो.

मालक राजी हवा, घर धड हवं, माणसांच्या मानाने खोल्या हव्यात. तिने संगणकाच्या पडद्यावर बघून विचारलं, "घरात तिघं ना? तू, काहल, म्युरन?" मी हो म्हटलं.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. काहल मार्चपासून पर्थला आहे.

पण म्हणजे तो घरात नाही असं थोडंच आहे? वर्षभरासाठी गेलाय. या गावात कुठलीही आई मुलगा 'गेला' असं म्हणत नाही. 'बाहेर आहे' म्हणतात. शेजारच्या फिलोमिनाचा जेरार्ड बावीस वर्षं टोरांटोत बाहेर आहे. मी दर पंधरा दिवसांनी काहलची चादर बदलते. तिघं म्हणजे तिघं.

१४ नोव्हेंबर

कॅनिस राजी! म्हणाला, बाजारात चार पैसे जास्त आले असते, पण नको. तू राहिलीस तर उनालाही आवडलं असतं — तिला समजत असतं तर.

२५ डिसेंबर

काहलचा फोन आला, चेहरा दिसणारा. भाजून लाल झालाय. नाताळ आणि हा चड्डीवर, समुद्रकिनारी कोळंबी खातोय! इथे आम्ही दोघी एका टर्कीपुढे. विकत आणताना तिघांच्याच मापाने आणली होती.

कामावर त्याला मुकादम केलंय. चोवीस वर्षांचा मुलगा, हाताखाली अकरा माणसं. मग हळूच म्हणाला, व्हिसा आणखी एक वर्ष वाढवतोय. मी म्हटलं, छान छान. घराचं काही सांगितलं नाही, तिथे बसून तो काय करणार? म्युरनलाही डोळ्यांनी गप्प केलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गुरुवारी काउन्सिलचा माणूस घर बघायला येतोय. आपल्याकडे पाद्री घरी येऊन प्रार्थना करणार म्हटलं की बायका महिनाभर आधी भिंती रंगवतात, तशी मी लागले आहे. आज जिना आणि मोरी. हात सोलवटून निघाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

येऊन गेला. फर्गस नाव. उंच, अबोल, बूट दारात पुसणारा. माळा पाहिला, पन्हळी पाहिल्या, खिडक्या उघडून मिटून पाहिल्या. बॉयलरपाशी मान हलवली — चांगल्या अर्थाने. "घर नीट ठेवलंय तुम्ही," म्हणाला.

मी चहा विचारला. नको म्हणाला. पुन्हा विचारला, पुन्हा नको. इथपर्यंत रीतच आहे. दोनदा नको म्हणायचं ते सभ्यपणापोटी. तिसऱ्यांदा मी विचारलं, अगदी केटल हातात घेऊन, आणि तो बसला. सोडा ब्रेड सकाळीच भाजला होता. दोन तुकडे खाल्ले, लोणी लावून. मोकळा झाला. त्याची आईही आमच्याच बाजूची निघाली.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं त्याने, "ती मागची खोली कोणाची?"

आणि माझी जीभ सुटली. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही! माझ्या काहलची, म्हटलं. पर्थला आहे. मुकादम झाला, एवढ्या वयात. अकरा माणसं हाताखाली. व्हिसा वाढवून दिला कंपनीने, इतका आवडलाय तो तिथे. फोटो दाखवला, फोनवरचा. तोही बघत राहिला, छान म्हणाला. त्याचा स्वतःचा भाऊ सिडनीत आहे.

कप खाली ठेवून त्याने वहीत काहीतरी लिहिलं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दारात हात हलवून निरोप दिला त्याला.

रात्री म्युरन म्हणाली, "आई, तू त्याला काहलबद्दल काय सांगितलंस?"

१४ फेब्रुवारी

म्युरन पुन्हा विचारते, सगळं सांगितलंस का? हो, सगळं.

१४ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. 'मिल रोड, नऊ नंबर, हे घर तीन शयनकक्षांचे असून अर्जदार कुटुंब दोन व्यक्तींचे आहे. गरजेपेक्षा मोठे घर खरेदी करणे योजनेत बसत नाही.' खाली सही, तीही छापील.

धावत इमेल्डाकडे गेले. तिने आवाज खाली आणून सांगितलं — तिसरं नाव चुकून राहिलं असं लिहिलंय मी, लपवलं असं नाही. नाहीतर भाड्याचा वाटाही बंद झाला असता. उपकारच म्हणायचे.

 रात्री जेवताना म्युरन म्हणाली, "त्याला तू ब्रेड दिलास, चहा दिलास आणि वर आपलं घरही दिलंस."  मी बटाटे वाढत राहिले.

२९ मार्च, शनिवार

काउन्सिलर क्वर्कला भेटले. निवडून आलेला माणूस, दर शनिवारी हॉटेलच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. गावातलं एक मयत चुकवत नाही. माझ्या आईच्या वेळी शवपेटीला खांदा दिला होता, याची त्यानेच मला पुन्हा आठवण करून दिली. सगळं लिहून घेतलं. "बघतो, नॉरीन. शब्द टाकतो." माझ्यामागे सोळा माणसं रांगेत होती, त्यांच्यासाठीही शब्द टाकणार असेल. शब्दांची कमी नाही त्याच्याकडे.

६ एप्रिल, रविवार

म्युरनने भावाला सांगून टाकलं. काहलचा फोन — तिथे रात्र असेल, तरी.

"मी येतो. तिकीट काढतो. आपण तिघं झालो की प्रश्न मिटला ना?"

 ये म्हणावंसं वाटलं. ये, तुझी चादर धुतलेली आहे! पण इथे येऊन करणार काय? गोदामात खोकी उचलणार? तिथे त्याला माणसं साहेब म्हणतात. एक मुलगीही आहे, नाव सांगत नाही अजून, पण आहे. पोराच्या पायात दोरी बांधून मी घर वाचवायचं?

"अजिबात येऊ नकोस," म्हटलं. "काउन्सिल बघतंय."

"आई, खरं सांग."

"खरंच सांगते."

खोटं बोलायचं तेव्हा खरं बोलले आणि खरं बोलायचं तेव्हा हे.

८ एप्रिल

दोन दिवस झोप नाही. शेवटी इमेल्डाला विचारलंच. समजा मुलगा परत आला तर?

ती म्हणाली, आता उपयोग नाही. सरकारचं नवं पत्र आलंय. या वर्षीचे पैसे कमी, आणि ते आधी त्यांच्यासाठी जे बेघर होऊन काउन्सिलने दिलेल्या हॉटेलात दीड-दोन वर्षं पडून आहेत. जे अजून घरात आहेत ते शेवटी. आणि शेवटच्यांपर्यंत पैसे पुरणार नाहीत. ज्यांची प्रकरणं मार्चआधी मंजूर झाली ती तेवढी पार पडतील.

मार्चआधी. माझं तोंड बंद राहिलं असतं तर मी त्या यादीत असते.

"म्हणजे आधी बेघर होऊन यायचं?" मी विचारलं.

"मी असं म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

ती पडद्याकडे बघत राहिली. तिचा तरी काय दोष? बाहेर आले तर दुपारची मुलं सोडायची वेळ झाली होती. धावत बस गाठली.

३ मे, शनिवार

भाड्याची घरं बघतोय. आज एक बघितलं — बघितलं म्हणजे बाहेरून. रांग कोपऱ्यापर्यंत. पुढे एक डॉक्टर जोडपं होतं, पगाराच्या पावत्या पारदर्शक फाइलीत लावून. माझ्या हातात चौदा वर्षांचं कॅनिसचं शिफारसपत्र. एजंट मुलीने विचारलं, भाड्याला काउन्सिलची मदत लागणार का? हो म्हटल्यावर गोड हसून म्हणाली, कळवते.

आतापर्यंत अशा सात जणांनी कळवतो म्हटलंय.

१८ मे, रविवार

फिलोमिना कुंपणावरून म्हणाली, "जाऊच नकोस. बसून राहा. कोर्टात जाईपर्यंत वर्ष निघतं, सगळे तेच करतात." सगळे करतात हे खरं आहे. इमेल्डानेही तोंडाने नाही, पण भुवयांनी तेच सुचवलं होतं.

ठरवलंही होतं मनाशी. आणि मग आज प्रार्थनेला कॅनिस उनाला घेऊन आला. पायात घरातल्या सपाता. मध्येच उठून ती मोठ्याने कुणालातरी हाका मारायला लागली, मेलेल्या बहिणीला बहुतेक. कॅनिस तिचा हात धरून तिला बाहेर नेत होता, सगळ्यांची माफी मागत. दाढीचे खुंट वाढलेले. म्हातारा एका हिवाळ्यात खंगून गेला.

मी वर्षभर घर अडवून बसायचं आणि त्याने तिला घेऊन असं फिरायचं. माझ्याने नाही होणार. होत असतं तर किती बरं झालं असतं.

४ जून, बुधवार

म्युरनची परीक्षा सुरू. पहिला पेपर इंग्रजीचा. स्वयंपाकघरात खोक्यांमध्ये टेबल मोकळं ठेवलंय तिच्यासाठी. कसा गेला विचारलं तर म्हणाली, निबंध होता. कशावर, ते सांगितलं नाही.

१५ जून, रविवार

काहलची खोली आवरली. सगळ्यात शेवटी ठेवली होती. हर्लिंग खेळायच्या काठ्या फिलोमिनाच्या शेडमध्ये. कपडे दोन खोक्यांत. पलंग कॅनिसचाच आहे, तो राहील. भिंतीवर पट्टीने चिकटवलेल्या चित्रांच्या जागा तेवढ्या उजळ राहिल्या. पुसून बघितल्या, जात नाहीत.

१६ जून, सोमवार

किल्ली दिली. कॅनिसला ती घेववेना. शेवटी मीच त्याच्या कोटाच्या खिशात टाकली. "तू राहिली असतीस तर मी काही बोललो नसतो," म्हणाला. मला माहीत आहे. म्हणूनच तर.

१७ जून

पलीकडच्या गावात, वळणरस्त्यावरचं हॉटेल. एक खोली, दोन पलंग, एक केटल. स्वयंपाक करायचा नाही, पाहुणे आणायचे नाहीत. दर सोमवारी खाली जाऊन सही करायची, आम्ही आहोत म्हणून. खोल्यांपैकी निम्म्याहून जास्त आमच्यासारख्यांच्या. सकाळी लॉबीत शाळेच्या गणवेशातली पोरं रांगेने टोस्ट घेतात.

म्युरन हेडफोन घालून भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. दुसरी खोलीच नाही, जाणार कुठे?

३० जुलै

पास्ता केटलमध्ये शिजत नाही. करून पाहिलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

शाळा सुरू. सात पाचची बस पकडते, म्हणजे साडेआठला चौकात उभी राहता येतं. चौक तोच, कोट तोच. पोरं विचारतात, सुट्टीत कुठे गेलात, बाई? म्हटलं, हॉटेलात! त्यांना फार भारी वाटलं.

घराकडे जात नाही. गल्ली चौकातून दिसते, त्या बाजूला पाठ करून उभी राहते.

९ ऑक्टोबर

म्युरनचा निकाल. चांगला आहे. माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला. खालच्या कॅफेत केक घेतला. "माझ्यावर चिडली आहेस का अजून?" विचारलं. "तुझ्यावर नाही," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "थोडीशी." आम्ही दोघीही हसलो, आणि मला रडू आलं.

२२ ऑक्टोबर

फिलोमिनाकडून कळलं, घर विकलं गेलं. कॅनिसने कुणाला विकलं ते तिला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही मला. उनाला जागा मिळाली म्हणे, बागेकडची खोली. चला, एकीला तरी मिळाली.

२५ डिसेंबर

काहल येणार होता नाताळला. रजाही मिळाली होती. पण राहणार कुठे? पाहुणे आणायचे नाहीत असा नियम. म्हणून नाही आला. फोनवर त्याच्या मागे ती मुलगी दिसली, हात हलवला तिने. मी केटलच्या वाफेमागून हात हलवला.

"आई, मी यायला हवं होतं तेव्हा."

"वेडा आहेस का," म्हटलं. आणि मग जेवण थंड होतंय असं सांगून फोन ठेवला. जेवण थंडच होतं.

६ जानेवारी

इमेल्डाला भेटले. यादीत आमचा नंबर विचारला. सहा महिने म्हणजे काहीच नाही म्हणाली, आधी जुने लोक.

१२ जानेवारी, सोमवार

चौकात नवी पोरं — चौघं, मागे आई. मोठीचं नाव कारा. कुठे राहता, विचारलं, सगळ्यांना विचारते तसं. "मिल रोड, नऊ नंबर," म्हणाली. आमचंच दार. आई धापा टाकत, हसत पुढे झाली. काउन्सिलने घेतलं आमच्यासाठी, बाई! दोन वर्षं हॉटेलात काढली, पाच जण एका खोलीत. आता तीन खोल्या, अजून खरं वाटत नाही. "इथे कोणी ओळखीचं नाही आमच्या. तुम्ही जवळच राहता का?"

हो म्हटलं, जवळच. आणि काठी वर करून गाड्या थांबवल्या.